सलग बोली, तुटक सीमा

नकाशावर भाषा वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. प्रत्यक्षात शेजारच्या बोली एकमेकींत मिसळत जातात. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाला (१९०३-१९२८) ही अडचण सतत जाणवली. बोलींची सीमा निश्चित सांगता येत नसतानाही ग्रंथाचे खंड तर पाडावेच लागले. १९०५ च्या सातव्या खंडात कोकणीची गणना मराठीच्या बोलींत झाली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. हा बदल प्रामुख्याने निकषांचा होता.

अभ्यासात असा निर्णय पुन्हा तपासता येतो. राज्यकारभारात ती मोकळीक नसते. गाव या राज्यात असते किंवा त्या राज्यात. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात सुमारे ७० टक्के लोकांची भाषा एक असल्यासच राज्य एकभाषिक मानावे असे सुचविले आणि सीमानिश्चितीसाठी सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. तरीही १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. पुढे आंध्र-मद्रास सीमावादात ह. वि. पाटसकर यांनी गाव हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता ही सूत्रे वापरली. बेळगावबाबत महाराष्ट्राने हाच आधार मागितला. परंतु १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवले गेले. घटक जिल्ह्याऐवजी गाव धरला की तीच वस्ती अल्पसंख्य न राहता बहुसंख्य ठरू शकते. म्हणजे रेषा आखण्यापूर्वीच, मोजमापाचा घटक ठरविताना, निम्मा निर्णय झालेला असतो. शाळेची, न्यायालयाची आणि सातबाराची भाषा त्यावर अवलंबून असल्याने ही निवड केवळ तांत्रिक राहत नाही.

सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण येथे उद्बोधक आहे. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दास शब्द ठेवून भाषांतर करता यावे. शब्दसंग्रह मात्र वेगळा राहिला होता. भाषकांनी सातत्यही स्वीकारले आणि भेदही राखला. राज्याला हे दोन्ही एकाच वेळी साधता आले नाही. साहित्येतिहासकाराला ते शक्य आहे. मात्र आपण कोणता घटक आणि कोणता उंबरठा निवडला, हे त्याने प्रथम सांगितले पाहिजे.