दाढीवरची पट्टी

शाळेत मी बंगालचा इतिहास शिकलो तो प्लासीचा आणि राममोहन रॉयांचा. तितू मीर हे नाव कुठंच नव्हतं.

मीर निसार अली हे त्याचं खरं नाव. चोवीस परगण्यातला पैलवान, काही काळ जमीनदाराच्या पदरी लाठी चालवणारा. मक्केला गेला, तिथं रायबरेलीच्या सय्यद अहमदांना भेटला आणि परत येऊन सांगू लागला, पीर, ताबूत, नवस सोडा, फक्त कुराण धरा. ऐकणारे कोण? कुळं आणि विणकर. त्यांनी दाढ्या राखल्या. तर कृष्णदेव राय नावाच्या जमीनदारानं दर दाढीमागं अडीच रुपये पट्टी बसवली!

आता कुणी म्हणेल, ही धर्माची भानगड, आपला काय संबंध? थांबा जरा. गरिबानं कसं दिसावं हे मालकानं ठरवायचं, ही गोष्ट आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. कुळानं दाढी राखली म्हणजे तो आता आपल्या मुठीत राहिला नाही, हे जमीनदाराला बरोबर कळलं होतं.

ही माणसं आधी कोर्टातच गेली. न्याय मिळाला नाही. मग मारामाऱ्या झाल्या. जमीनदाराच्या माणसांनी मशीद जाळली, यांनी देवळापुढं गाय कापली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नारकेलबेडियाला बांबूचा किल्ला उभा राहिला. आधी आलेला मॅजिस्ट्रेट अलेक्झांडर पळाला. १९ नोव्हेंबर १८३१ ला कंपनीच्या तोफा आल्या. बांबू तोफेपुढं किती टिकणार? तितू तिथंच पडला. त्याचा सेनापती गुलाम मासूम याला फाशी दिली.

त्याच काळात पूर्वेला फरीदपुरात हाजी शरीयतुल्ला सांगत होते, इंग्रजांच्या अमलात जुमा आणि ईदची नमाज होऊच शकत नाही. म्हंजे हे राज्य आम्ही मानत नाही, असंच ना? १८४० ला ते वारले. त्यांचा मुलगा दुदू मियाँ आणखी पुढं गेला. जमीन अल्लाची, मग जमीनदाराचा वारसाहक्क कुठला? देवीच्या पूजेची पट्टी द्यायची नाही. कंपनीच्या कोर्टात जायचं नाही, भांडणं आपल्या पंचायतीत मिटवायची. १८५७ ला सरकारनं त्याला उचलून अलीपूरच्या तुरुंगात टाकला.

या फरायझींनी मुसलमानांत उच्चनीच नाही असंही बजावलं होतं. इथं मी अडतो. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या शिरगणतीचा उतारा दिलाय. अश्रफ वर, अजलाफ खाली, आणि सगळ्यांत तळाला अरजल. त्यात हलालखोर, लालबेगी. त्यांना मशिदीत येऊ देत नव्हते, सार्वजनिक कबरस्तानात पुरू देत नव्हते. तितू पडला त्याला तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.