धर्मांतरानंतरचे आयुष्य : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक उपेक्षित आशयसूत्र

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे प्रायः धर्मांतराच्या अनुषंगानेच झाला आहे. लेखक ख्रिस्ती का झाला, समाजाने त्याला कसे वागवले, या प्रश्नांपाशी आपले वाङ्मयेतिहासकार थांबतात. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने मात्र बाप्तिस्मा हा आरंभ असतो. त्यानंतर आयुष्यभर चालणारे पवित्रीकरण, म्हणजे श्रद्धावंताची अखंड वाढ, ही खरी कसोटी होय. या संथ, बहुधा घटनाशून्य प्रक्रियेला मराठीत कोणते वाङ्मयरूप मिळाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे भाषांतर केले आणि त्याला 'यात्रिकक्रमण' असे नाव दिले. 'क्रमण' ही योजना मोठी अर्थपूर्ण आहे. तीत पावलापावलाने चालणे आहे, आणि पंढरीच्या वाटेची सवय असलेल्या वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. तथापि पुढील गद्याने हे सूत्र फारसे उचलले नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीच्या नावातच प्रवास आहे. परंतु यमुनेच्या धर्मस्वीकाराशी तो जवळजवळ संपतो. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचा भरही पूर्वायुष्यावरच आहे. अरुणोदय झाला, माध्यान्हीचे काय, हे वाचकाने विचारू नये अशीच जणू ही रचना आहे.

असाच पेच मिशनच्या व्यवहारातही होता. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेले रॉयल वाइल्डर शाळांचा आग्रह धरीत होते. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा भर प्रत्यक्ष उपदेशावर होता. या मतभेदानंतर वाइल्डर १८६१ मध्ये बोर्डाच्या आधाराविना कोल्हापूरला परतले. हा वाद केवळ धोरणाचा नव्हता, असे मला वाटते. माणूस घडायला किती काळ द्यायचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

या प्रश्नाला काव्यरूप दिले ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या विधानाचे समन्वयवादी कौतुक पुष्कळ झाले आहे, पण त्यातील रचनातत्त्वाकडे दुर्लक्ष झाले. अभंगाला कथानकासारखा शेवट नसतो. भक्त आज भांडतो, उद्या शरण जातो, परवा पुन्हा रिता होतो. प्रत्येक अभंग स्वयंपूर्ण आणि तरीही मालिका अपुरीच. पवित्रीकरणाच्या अनुभवाला याहून अनुरूप घाट मराठीत दुसरा नव्हता. टिळकांनी तो निवडला तो केवळ लोकप्रियतेसाठी नव्हे. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनाही त्यात स्थान दिले, तेव्हा 'आरंभ' कोठे मानायचा हेच त्यांनी अनिश्चित करून टाकले. दोन वर्षांनी ते वारले.

आणि तरी या आशयाची सर्वांत निर्भय मांडणी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे, असे मी म्हणेन. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या निवेदनात जातिभेदाची पकड बाप्तिस्म्याच्या आधीच, अन्नपाण्याच्या रोजच्या व्यवहारात, ढिली होत जाते. उलट टिळकांचा शीघ्रकोप आणि संसाराची पर्वा न करणारे औदार्य बाप्तिस्म्यानंतरही तसेच राहते. उपदेशपर चरित्राला हे परवडले नसते. तेथे नवा जन्म झालेल्या माणसाचे जुने दोष झाकले जातात. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात आणि श्रद्धेला उणेपणा येऊ देत नाहीत. त्यांच्या विनोदाची चर्चा आपण शैलीच्या सदरात करून मोकळे होतो; वस्तुतः अपुऱ्या माणसाविषयीची ती एक धर्मदृष्टी आहे.

टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच हाती घेऊन पुढे नेले. १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या.