तिरक्या रेघेची गोष्ट

आंबेनळी घाटाच्या पायथ्याचा माणूस आपला पत्ता गावापासून सांगतो: मुक्काम, पोस्ट, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. संगणक उलटा चालतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी कागद. दोन नावांमध्ये तो एक तिरकी रेघ घालतो. या रेघेचा इतिहास मला आज सांगायचा आहे, कारण ती चुकली की कागद असूनही सापडत नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली आकाराला येऊ लागली. तिने फोल्डरची नावे जोडायला आपल्या ७/१२ मधली रेघ घेतली. १९८१ साली आपला कुलाबा जिल्हा रायगड झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच्या डॉस प्रणालीत फोल्डरच नव्हते. फ्लॉपीवरच्या साऱ्या फाइली एकाच ओसरीवर बसलेल्या. आज्ञेला जादा सूचना जोडायला मात्र हीच रेघ वापरत. १९८३ मध्ये दहा मेगाबाइटच्या हार्ड डिस्कचा पीसी आला आणि फोल्डर लागू लागले. पण रेघ आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली! जुन्या सवयी आणि जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने उलटी झुकलेली रेघ घेतली. विंडोजने तीच पुढे चालवली. मॅकिंटॉश तर २००१ मध्ये नवी प्रणाली येईपर्यंत अपूर्णविराम वापरत होता.

याचा त्रास आजही होतो. विंडोजवरच्या प्रोग्राममध्ये कोणी ‘रायगड\पोलादपूर\उतारा’ असा पत्ता हाताने लिहिला आणि तोच प्रोग्राम लिनक्सवर चालवला, तर लिनक्सला तिथे तीन पायऱ्या दिसत नाहीत. ते सगळे एकाच फाइलचे लांबलचक नाव आहे, असे तो धरतो. नवी फाइल करायची असेल तर त्या नावाने निमूटपणे करूनही टाकतो. मग शेतकऱ्याचा उतारा पोलादपूरच्या फोल्डरमध्ये कसा मिळणार? विंडोज मात्र बहुतेक ठिकाणी युनिक्सची रेघही चालवून घेते. ‘७/१२’ हे फाइलचे नाव दोघांनाही चालत नाही. तिथे ‘सातबारा’ असे अक्षरीच लिहावे लागते.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांना मी एकच सांगतो: नावे तुम्ही द्या, रेघ त्या त्या यंत्राला घालू द्या. पायथन भाषेत ‘पाथलिब’ ही सोय २०१४ पासून आहे. इतर भाषांतही तशा सोयी आहेत.

दोन्ही रेघा आता राहणारच. जुन्या दस्तांवर कुलाबा हेच नाव आहे, ते कोणी खोडत बसत नाही. वाचणाऱ्याला कुलाबा म्हणजे रायगड हे ठाऊक असले, की काम भागते.