उत्तर कोणास द्यावयाचे? : सहकारी साखर कारखान्यांच्या सामाजिक जबाबदारीचा इतिहास

(१)

'सामाजिक उत्तरदायित्व' हा शब्द आता कारखानदारीच्या परिभाषेत रुळून गेला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने त्यास विधिवत् स्थान दिले. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के लोकोपयोगी कार्यावर खर्च करावेत, अशी ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली. तेव्हापासून ही कल्पनाच नवी व बाहेरून आलेली आहे, असा समज बराच प्रचलित झालेला दिसतो. अन्नपदार्थांच्या उत्पादनातील महाराष्ट्राचा सर्वांत मोठा संघटित प्रयोग म्हणजे सहकारी साखर कारखाना. त्याचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. तथापि, त्याच इतिहासातून या कल्पनेतील एक जुनी उणीवही दृष्टीस पडते. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे आरंभ शब्दांपासून करणे क्षम्य ठरावे. 'उत्तरदायी' म्हणजे उत्तर देणारा. 'जबाबदार' या शब्दात अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' यांचा संयोग आहे, आणि त्याच्याही पोटात उत्तरच आहे. दोन निरनिराळ्या वाटांनी मराठीत आलेल्या या शब्दांनी एकच अट घातलेली आहे: उत्तर असावयाचे तर प्रश्न विचारणारा कोणी तरी असला पाहिजे. 'धर्मादाय' या शब्दास ही अट नाही. तेथे देणारा आहे, घेणारा आहे, विचारणारा नाही. कारखान्याने जबाबदारी पाळली की धर्मादाय केला, हा भेद पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयाचा आहे.

(२)

कायद्याची परंपरा प्रथम पाहू. १८९० च्या धर्मादाय निधींविषयीच्या कायद्याने 'धर्मादाय हेतू' याची व्याख्या केली. गरिबांना साह्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाचे अन्य कोणतेही कार्य तीत समाविष्ट होते. निव्वळ धार्मिक शिकवण वा पूजाअर्चा तीतून वगळलेली होती. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्याच्या ३४ व्या कलमाने ही व्याख्या उचलली. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकल्यावर, उरलेल्या नफ्यातील दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम निबंधकाच्या संमतीने अशा हेतूसाठी देण्याची मुभा संस्थांना मिळाली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ६९ व्या कलमाने ही मर्यादा निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत वाढविली व सहकारी आणि सार्वजनिक हेतूंचाही त्यात अंतर्भाव केला.

म्हणजे २०१३ चे कलम या परंपरेतील शतकानंतरचा दुवा होय. फरक इतकाच की, जेथे मुभा होती तेथे सक्ती आली. एक गोष्ट मात्र प्रारंभापासून बदललेली नाही: जबाबदारीचा आरंभ नफा हाती आल्यानंतर होतो. किंबहुना २०१४ च्या नियमांनी, कंपनीच्या नित्याच्या व्यवसायाचा भाग असलेली आणि केवळ तिच्या नोकरवर्गाच्या हिताची कामे या खर्चातून स्पष्टपणे वगळली आहेत. माल कसा निर्माण होतो, कोणाच्या श्रमाने होतो, त्यातून काय सांडते, हे प्रश्न या कलमाच्या कक्षेत मुळातच येत नाहीत.

(३)

आता कारखान्याकडे वळू. दख्खनच्या पठारावरील कालवे मुख्यतः दुष्काळनिवारणासाठी काढले गेले. परंतु पाऊस बरा झालेल्या वर्षी ज्वारी-बाजरीस कालव्याचे पाणी विकत घेण्यास शेतकरी उत्सुक नसे, आणि पाणीपट्टीवाचून कालव्याचा खर्च निघत नसे. ही अडचण उसाने सोडविली. भंडारदरा येथील धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या खोऱ्यात उसाखालील क्षेत्र वाढू लागले. १९३२ च्या संरक्षक जकातीनंतर साखरधंद्यास देशभर भरभराट आली. खाजगी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन आपले मळे उभे केले. त्या जमिनींचे मूळ मालक 'खंडकरी' म्हणून ओळखले जाऊ लागले. जमीन त्यांची, पाणी सरकारचे, साखर कंपनीची, अशी ती व्यवस्था होती.

या पार्श्वभूमीवर लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे महत्त्व कळते. ३१ डिसेंबर १९४८ रोजी त्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम पार पडला. विठ्ठलराव विखे पाटील हे या प्रयत्नाचे प्राण होत. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केली, ते धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. ज्याचा ऊस त्याचाच कारखाना, हे या प्रयोगाचे सूत्र होते. ऊस पिकविणारा शेतकरी आता सभासद झाला, आणि सभासद होताच वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यास प्राप्त झाला. उत्तरदायित्वाच्या इतिहासातील ही घटना कोणत्याही देणगीपेक्षा मोठी आहे.

पुढे जे घडले ते सर्वपरिचित आहे. कारखान्यांच्या भोवती रस्ते झाले, शाळा-महाविद्यालये निघाली, रुग्णालये उभी राहिली. प्रवरानगरची शिक्षणसंस्था १९६४ ची. वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याच्या आधारे दूधसंघापासून मुलांच्या वाद्यवृंदापर्यंत एक नगरच वसविले. या कार्यासाठी पैसा केवळ नफ्यातून आला असे नाही. उसाच्या भावातून टनामागे कपात करूनही तो उभा केला जाई. या कपातींची नावे अभ्यसनीय आहेत. 'परतीची ठेव' हे एक नाव आणि 'बिनपरतीची ठेव' हे दुसरे. ठेव या शब्दाचा अर्थच मुळी 'परत मिळावयाची म्हणून दिलेली रक्कम' असा आहे. जी परत मिळावयाची नाही ती ठेव कशी? तरीही हा वदतोव्याघात गावोगाव स्वीकारला गेला. आपला पैसा आपल्याला रोखीने नव्हे तर शाळेच्या व दवाखान्याच्या रूपाने परत मिळतो, असा विश्वास सभासदास होता, हेच त्याचे कारण म्हटले पाहिजे. कपातींविरुद्ध तक्रारीही झाल्या. परंतु तक्रार करण्यास जागा होती, हीच त्या व्यवस्थेची प्रकृती निरोगी असल्याची खूण होय.

(४)

मात्र सभासद या शब्दाची मर्यादा हीच कारखान्याच्या ममत्वाची मर्यादा ठरली. त्या मर्यादेबाहेर दोन घटक राहिले. पहिला घटक ऊसतोड कामगार.

हंगामाच्या प्रारंभी गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ होतो. निमंत्रित पाहुणे पूजा करून मोळी टाकतात; ती ज्याने तोडून बांधली तो त्या वेळी फडात असतो. बीड व लगतच्या कोरडवाहू भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे बैलगाड्यांनी, ट्रकांनी कारखान्यांच्या तळांवर येतात. त्यांची मोजदाद माणशी होत नाही. 'कोयता' या एककाने होते. एक कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायको मिळून एक जोडी. मुकादम उन्हाळ्यात वा पावसाळ्यात 'उचल' देतो आणि ती हंगामभर तोडीतून फेडावयाची असते. दोघांपैकी एकाचा 'खाडा' झाला तर त्याची रक्कम कापली जाते. हत्याराच्या नावाने माणूस ओळखण्याची ही रीत केवळ बोलीतील लकब नव्हे. दोन माणसांचा हिशेब एका हत्यारावर मांडला की त्या दोघांतील स्त्रीची मजुरी, तिची विश्रांती, तिचे आजारपण यांसाठी वहीत रकानाच उरत नाही.

कारखान्याची बाजूही येथे नमूद केली पाहिजे. ऊस गव्हाणीत पडेपर्यंत तो शेतकऱ्याचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या भावातून वजा होतो. कारखाना केवळ शेतकऱ्यांच्या वतीने मुकादमाशी करार करतो. सबब तो तोडणी कामगारांचा मालक नव्हे, असा हा युक्तिवाद आहे. तो कागदोपत्री चुकीचा नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, कामगार मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे, कारखाना शेतकऱ्याकडे. आणि प्रश्न विचारला तरी उत्तर देण्यास कोणी बांधील राहत नाही.

या मौनाची किंमत २०१९ साली आकड्यांत पुढे आली. शासननियुक्त समितीच्या कामासाठी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली होती. यास एकच कारण सांगणे शास्त्रीय होणार नाही. परंतु खाड्याची भीती, तळावर पाणी व शौचालय यांचा अभाव, जड ओझी आणि उचलीचे कर्ज ही परिस्थिती त्यामागे होती, हे नाकारता येत नाही. ज्या धंद्याने ग्रामीण महाराष्ट्राला रुग्णालये दिली त्याच धंद्याच्या फडात हे घडले, ही गोष्ट इतिहासकाराने नजरेआड करता कामा नये. पुढे २०२१ साली या कामगारांच्या कल्याणाच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये घेण्याचे व तितकीच रक्कम शासनाने घालण्याचे ठरले. ही रक्कम नफा-तोटा न पाहता टनावर आकारावयाची आहे. नफ्यानंतरच्या धर्मादायापासून उत्पादनखर्चातील दायित्वाकडे टाकलेले ते एक पाऊल होय. परंतु ते सहकाराच्या आरंभानंतर सत्तर वर्षांनी पडले.

(५)

दुसरा वगळलेला घटक पाणी. महाराष्ट्रातील एकूण पीकक्षेत्रापैकी उसाचा वाटा सुमारे चार टक्के. सिंचनाच्या पाण्यातील त्याचा वाटा मात्र निम्म्याहून पुष्कळ अधिक. एक टन ऊस गाळला असता साखर सुमारे १०० ते ११० किलो निघते. उरलेल्यात चिपाड, मळी व गाळ यांचा भाग असतो, आणि उसाच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग तर पाणीच असते. मळीपासून मद्यार्क काढताना एका लिटरमागे साधारण आठ ते पंधरा लिटर काळसर, प्राणवायू शोषून घेणारे सांडपाणी निघते. ते ओढ्यात सोडले की त्याचा उपद्रव खालच्या अंगाच्या गावास होतो. ते गाव कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असेलच असे नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ सालीच केला होता व १९७० मध्ये मंडळही स्थापिले. केंद्राचा कायदा १९७४ चा. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने २००३ ची केंद्र शासनाची सनद अधिक लक्षणीय आहे. पर्यावरणरक्षणाविषयीच्या उद्योगांच्या जबाबदारीची सनद असेच तिचे नाव होते. साखर कारखान्यांचे सांडपाणी टनामागे १०० लिटरपर्यंत खाली आणावे, आणि मद्यार्कशाळांनी आपले सांडपाणी नदीनाल्यांत मुळीच सोडू नये, अशी लक्ष्ये तीत मुदतीसह ठरविली होती. येथे जबाबदारी हा शब्द देणगीशी नव्हे, प्रक्रियेशी जोडलेला आहे. दहा वर्षांनी आलेल्या कंपनी कायद्यात तोच शब्द पुन्हा नफ्याच्या वाटपाकडे गेला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आजही शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि पहिल्याचे पालन न करणारा दुसऱ्याचे प्रदर्शन करू शकतो.

(६)

एवंच, सहकारी साखर कारखान्याचा इतिहास हा सामाजिक जबाबदारीच्या अभावाचा इतिहास नव्हे. त्याने ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास सभासद केले, आणि सभासदाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शाळा, रस्ते व दवाखाने यांच्या रूपाने दिली. जेथे विचारणारा नव्हता तेथे मात्र त्याने कधी दान दिले, कधी तेही दिले नाही. आज अनेक कारखाने खाजगी कंपन्यांच्या हाती गेले आहेत, आणि आकाराने पात्र ठरणाऱ्या कंपन्यांना २०१३ चे कलम लागू आहे. अशा वेळी दोन टक्क्यांचा हिशेब पुरा झाला की जबाबदारी पुरी झाली, असे मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. सहकाराचा अनुभव या मोहाविरुद्ध साक्ष देतो.

या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी कारखान्यांचे गौरवग्रंथ अवश्य वाचावेत. परंतु त्यांच्या जोडीने पोटनियम, कपातींच्या नोंदी आणि मुकादमांशी झालेले करार हेही वाचावेत. गौरवग्रंथात कारखान्याने काय दिले ते सापडेल. उत्तर मागण्याचा अधिकार कोणास होता व कोणास नव्हता, हे या दुसऱ्या कागदांतच सापडेल. कोयता हे माणसांचे एकक न राहता केवळ हत्याराचे नाव उरेल, त्या हंगामापासून 'उत्तरदायित्व' हा शब्द या धंद्यास पूर्णार्थाने लावता येईल.