आमिष आणि पाणी

मासा फसविण्याची विद्या ही मनुष्याच्या अतिप्राचीन विद्यांपैकी एक होय. तिचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथमच ध्यानी येते. मासा काय खातो, भक्ष्य डोळ्यांनी हेरतो की वासाने, खोल पाण्यात दबा धरतो की काठाशी येतो, या साऱ्याची नोंद आमिषाच्या रूपात आपोआप उतरलेली असते.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला ‘मानसोल्लास’ आपल्या वाचकांस त्यातील मराठी पदांमुळे परिचित असेल. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात गळ, दोरी व माशांस रुचणारे खाद्य यांचा विचार केला आहे. राजाचे आमिष कपटाचे खरे. तथापि ते निदान खाण्याजोगे तरी होते.

ज्यात खाण्याजोगे काहीच नाही अशा आमिषाला खरा बहर आला तो १९ व्या शतकातील अमेरिकेत. ज्यूलिओ ब्यूएल याने १८५२ साली धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचे पेटंट घेतले. त्याच्या हातून जेवणाचा चमचा सरोवरात पडला व माशाने तो गिळला, अशी आख्यायिका आहे. पुढे मिशिगनमधील जेम्स हेडन या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थाने लाकडाचे बेडूक व मासे कोरले. देवदाराच्या जातीचे हलके लाकूड, त्यावर रंगाचे थर, काचेचे डोळे आणि तीन तोंडांचे गळ, असा हा थाट. मस्कलंज ऊर्फ मस्की या बलाढ्य शिकारी माशासाठी तर ही आमिषे वीतभर लांबीची होऊ लागली. दहा हजार वेळा दोरी फेकावी तेव्हा एक मस्की लागतो, अशी तिकडे म्हणच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची जागा बहुतांशी प्लॅस्टिकने घेतली. आमच्याकडे ही विद्या इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आली. हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, आणि महासीर मासा डोंगरी नद्यांच्या निवळ पाण्यात धातूच्या चमच्याला भुलू लागला.

तळोज्याच्या परिसरातील आमच्या कोळी-आगरी बांधवांना मात्र अशी चैन परवडणारी नव्हती. ज्याला मासळीवर घर चालवावयाचे, तो एका माशासाठी दहा हजार वेळा दोरी कशी फेकणार? त्यांनी भरती-ओहोटीलाच कामास जुंपले. पाण्याच्या ओढीत डोल जाळे बांधावे, काठावरून पाग टाकावे, जिताड्यासाठी गळाला कोळंबी लावावी, हीच तिकडची रीत. जिताडा लाकडाला भुलला नसता असे नाही. हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी या नावाने प्रसिद्ध असून तेथील हौशी लोक तो कृत्रिम आमिषावरही धरतात. गढूळ पाण्यातही भक्ष्याची हालचाल त्याला जाणवते.

परंतु त्या पाण्याचे पुढे काय झाले? तळोज्यास औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिचे सांडपाणी कासाडी नदीत उतरले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच परिसरात अंगावर निळा रंग चढलेली भटकी कुत्री दिसू लागली, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वळले. कुत्री रस्त्यावर असल्याने लोकांना दिसली. पाण्याखालच्या माशांची दैना कोण पाहणार? मच्छीमारांची तक्रार मात्र त्याआधीपासूनची होती, आणि ती राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली.

अमेरिकेतील ती जुनी लाकडी आमिषे आज संग्राहक मोठी किंमत देऊन काचेच्या कपाटात ठेवतात. ती सुंदर आहेत यात संशय नाही. पण गळ टाकणारा कितीही कपटी असो, पाण्यात मासा आहे एवढा विश्वास त्याच्या ठायी असावाच लागतो. तो विश्वास उडाला म्हणजे आमिष ही केवळ शोभेची वस्तू होते. कासाडीच्या काठच्या कोळ्याचे जाळे त्या कपाटाच्या वाटेला लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.