कंबूल आणि कबूल

प्रश्नकुंडली आणि वर्षफल सांगणाऱ्या ज्योतिषांच्या पोथ्यांत सोळा योगांची एक यादी येते: इक्कवाल, इंदुवार, इत्थशाल, ईसराफ, नक्त, यमया, मणऊ, कंबूल, गैरिकंबूल, खल्लासर, रद्द, आणि पुढे आणखी पाच, त्यांतली शेवटची दोन कुत्थ आणि दुरफ. ही नावं संस्कृत श्लोकांत, संस्कृत विभक्ती लावून, छंदात बसवलेली असतात. आपल्याकडे या शास्त्राला ताजिक म्हणतात आणि त्याचा सगळ्यात चालता ग्रंथ म्हणजे नीलकंठ दैवज्ञाची ‘ताजिकनीलकंठी’, शके १५०९ची, म्हणजे इ.स. १५८७ची.

या यादीत मी अडकलो तो रद्दपाशी. नाशिकच्या कुठल्याही कचेरीत दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा हा शब्द. परवाना रद्द, गाडी रद्द, अर्ज रद्द. पोथीतला रद्द योगही तसाच वागतो: ज्या ग्रहाकडे काम सोपवलं तो वक्री किंवा अस्तंगत असेल, तर त्याला मिळालेलं तेज सांभाळता येत नाही, तो ते परत करतो आणि काम बिघडतं. अरबीत ‘रद्द’ म्हणजे परत करणं. एवढं एक नाव ओळखीचं निघालं आणि पाठोपाठ बाकीच्यांची कुळं दिसायला लागली. कंबूल म्हणजे कबूल. गैरिकंबूलमधला गैर हा गैरहजर आणि गैरसमज यांतला गैर. यमया म्हणजे जमा. मणऊ म्हणजे मनाई. कुत्थ म्हणजे कुवत. सोळांच्या बाहेरचा ‘हद्दा’, राशीचे पाच ग्रहांत वाटून दिलेले असमान तुकडे, तो गावाच्या हद्दीतला हद्द. सगळे अरबी शब्द, आणि सगळे मराठीत दोनदा आलेले: एकदा पोथीतून, एकदा दफ्तरातून. एकाच घरातल्या या दोन शाखांची एकमेकींशी ओळख राहिली नाही.

दफ्तरातली वाट सर्वांना ठाऊक आहे. बहमनी, निजामशाही, मोगल. नाशिकचं नावही त्या काळात गुलशनाबाद झालं होतं. जमाखर्च, कबुलायत, हद्द, नक्कल हे शब्द फारसी लिहिणाऱ्या कारकुनांनी आणले. पोथीतली वाट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्याबद्दल सर्रास एक चुकीची समजूत आहे.

ती समजूत अशी. नीलकंठ अकबराच्या पदरी होता. तोडरमल्लाच्या नावाने रचलेल्या ‘तोडरानंद’ या महाग्रंथाचा ज्योतिषभाग त्याचा. तेव्हा मोगल दरबारातल्या मौलवींकडून त्याने हे यवनशास्त्र उचललं आणि संस्कृतात घातलं. ऐकायला अगदी पटतं. नीलकंठाचं घराणं मूळचं विदर्भातलं, पुढे काशीला गेलेलं. त्याचा धाकटा भाऊ राम म्हणजे ‘मुहूर्तचिंतामणि’ लिहिणारा, ज्याच्यावाचून पंचवटीतल्या पुरोहिताचं आजही पान हलत नाही. दरबारी मराठी पंडित, उदार बादशहा, विद्यांची देवघेव: गोष्ट छान जुळते. पण ती खरी नाही, असं मी ठामपणे म्हणतो, आणि माझा मुख्य साक्षीदार आहे यादीतला सोळावा, सगळ्यात दुबळा योग. दुरफ.

दुरफ म्हणजे दुर्बळता. अरबीत ‘दुअ्फ’. यातलं पहिलं अक्षर अरबी लिपीतलं ‘ज्वाद’ किंवा ‘दाद’ नावाचं. अरब माणूस ते जड ‘द’सारखं उच्चारतो. इराणी आणि त्यांच्याकडून शिकलेले आपण सारे ते ‘झ’ किंवा ‘ज’ असं म्हणतो. याच धातूचा मराठीतला शब्द आहे जईफ. जईफ म्हातारा म्हणताना आपण फारसीच्या तोंडून बोलतो. न्याय देणारा तो आपल्याकडे काजी. पण अरबांनी स्वतः ज्या स्पेनवर राज्य केलं तिथे तोच शब्द ‘अल्काल्दे’ झाला, कारण स्पॅनिश कानांनी ‘द’ ऐकला होता. आता पोथीतला दुरफ पाहा. त्यात ‘द’ आहे. अकबराच्या दरबाराची भाषा फारसी. तिथल्या कुणी हा शब्द उच्चारला असता तर नीलकंठाच्या श्लोकात ‘जुफ’सारखं काहीतरी उतरलं असतं. दुरफ लिहिणाऱ्याने तो शब्द अरबाच्या, किंवा अरबी पद्धतीने वाचणाऱ्याच्या, तोंडून ऐकला.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो टाळण्यासारखा नाही. शास्त्राचं नाव ‘ताजिक’ हेच मुळी फारसी आहे. इराणी लोक अरबांना ताजिक, ताजी म्हणत. मग शब्द अरबी तोंडातून आणि नाव फारसी तोंडातून, हे कसं? याचं उत्तर आपल्याच भागातल्या ताम्रपटांत आहे. नाशिकला धराश्रय जयसिंह या चालुक्याचा इ.स. ६८५चा ताम्रपट सापडला. त्याचा मुलगा अवनिजनाश्रय पुलकेशी, लाटदेशाचा अधिपती. त्याच्या नवसारीच्या, सुमारे ७३९च्या ताम्रपटात दक्षिणापथ जिंकायला निघालेल्या ताजिक सैन्याचा त्याने पराभव केल्याचं सविस्तर वर्णन आहे. पुढे डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या शके ८४८च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजानचा कारभार पाहणारा एक ताजिक कुळातला अधिकारी येतो. म्हणजे ‘ताजिक’ हा शब्द ज्योतिषाच्या पुस्तकाबरोबर आलाच नाही. तो आधीच कित्येक शतकं नाशिक ते नवसारी या पट्ट्यात अरब या अर्थाने रुळलेला होता. पुस्तक आलं, त्याला लोकांनी घरातलंच नाव दिलं. चिंचणीच्या त्या अधिकाऱ्याचं नाव संस्कृतात कसं लिहिलंय? मधुमति. मूळ महंमद. कंबूलची तयारी तिथेच झालेली दिसते.

तारखाही माझ्या बाजूने आहेत. नीलकंठाच्या जवळजवळ शतकभर आधी कोकणातल्या नांदगावचा केशव दैवज्ञ, म्हणजे ‘ग्रहलाघव’कार गणेशाचा बाप, ताजिकावर पद्धतिग्रंथ लिहून बसला होता. गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आजच्या पाथरीचे, ढुंढिराज आणि त्याचा मुलगा गणेश. गणेशाचं ‘ताजिकभूषण’ प्रसिद्ध आहे. त्याच नदीवरच्या गोलग्रामच्या घराण्यातल्या विश्वनाथाने इ.स. १६२९मध्ये नीलकंठीवर उदाहरणांसह टीका लिहिली, आणि ती इतकी चालली की पुष्कळांनी नीलकंठी वाचली ती विश्वनाथाच्या बोटाला धरून. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या आपल्या इतिहासात ही गोदाकाठची घराणी एकेक करून नोंदवली, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या पाण्याच्या कडेने खाली जावं तसतशी ताजिकाची गावं लागत जातात. आणि या सगळ्यांच्या मागे तेराव्या शतकातला गुजरातचा समरसिंह आहे, प्राग्वाट म्हणजे पोरवाड कुळातला. त्याने हे शास्त्र संस्कृतात आणलं. नीलकंठाने त्याची छान मांडणी केली, त्याचं श्रेय मोठं. पण तो जनक नव्हे.

समरसिंहाच्या गुजरातेत अरबी बोलणारी माणसं शोधायला दूर जावं लागत नव्हतं. १२६४चा वेरावळचा शिलालेख संस्कृत आणि अरबी अशा दोन भाषांत आहे आणि तो होर्मुझहून आलेल्या एका जहाजमालकाने बांधलेल्या मशिदीबद्दल आहे. अशा एखाद्या बंदरात बसून कुणीतरी वाचलं आणि कुणीतरी लिहून घेतलं. लिहून घेणाऱ्याचा कान प्राकृतावर पोसलेला होता, हेही शब्दच सांगतात. प्राकृतात जोडाक्षर जाऊन अनुस्वार येतो: वक्रचं वंक, अश्रूचं अंसु, दर्शनाचं दंसण. तसंच कब्बूलचं कंबूल झालं आणि ‘इद्बार’चं इंदुवार. इद्बार म्हणजे पाठ फिरवणं, ग्रह पडत्या स्थानांत जाणं. संस्कृत वाचकाला मात्र त्यात सोमवार दिसतो. ‘जमा’चं यमया का झालं? प्राकृतात यमाला जम म्हणतात. शिकलेला माणूस ‘ज’ ऐकला की मूळ ‘य’ असेल असं धरून तो दुरुस्त करतो. कुणी न सांगता जम्अ शुद्ध होऊन यमया झाला. ही चूक फारसी जाणणारा दरबारी पंडित करणार नाही. गुजरातेतला व्युत्पन्न लेखक सहज करील.

आता खुद्द कंबूलकडे. इथे नाव टिकलं पण अर्थ सरकला, आणि तो का सरकला यावर मतभेद आहेत.

या सोळा योगांचं मूळ आज बऱ्यापैकी निश्चित झालं आहे: नवव्या शतकातला सह्ल इब्न बिश्र, अरबीत लिहिणारा ज्यू ज्योतिषी. स्वीडनचे मार्टिन गान्स्टेन आणि त्यांचे सहकारी विकांडर यांनी २०११मध्ये सह्लची यादी आणि ताजिकाची यादी शेजारी ठेवून दाखवली. सह्लचा कबूल म्हणजे यजमानपण. समजा, कुणी विचारलं, द्राक्षबागेचा सौदा होईल का? लग्न मेष, विचारणारा मंगळ. समोरचा पक्ष सातव्या तुळेचा, म्हणजे शुक्र. शुक्र मेषेत १० अंशांवर, मंगळ सिंहेत १४ अंशांवर. शुक्र चालीला जलद, मंगळाच्या मागे चार अंश, नवपंचम दृष्टी. तेव्हा इत्थशाल, म्हणजे जोड, होतेच आहे. पण आणखी एक गोष्ट आहे: शुक्र बसलाय मेषेत, म्हणजे मंगळाच्याच घरात. मंगळ दारात आलेल्या पाहुण्याला परका मानू शकत नाही. तो त्याला कबूल करतो. सौदा होतो, आणि कुरबुरीवाचून होतो.

नीलकंठीत हाच मांड मांडला तर त्याला कंबूल म्हणता येत नाही. तिथे लग्नेश आणि कार्येश यांचा इत्थशाल हवा, आणि शिवाय चंद्राचाही त्यांतल्या एकाशी किंवा दोघांशी इत्थशाल हवा. वरच्या कुंडलीत चंद्र धनूत ८ अंशांवर आणला की कंबूल झाला, कारण तो शुक्र आणि मंगळ दोघांनाही गाठायला निघालाय. घर कुणाचं, पाहुणा कोण, हा मुद्दा व्याख्येतून गेला आणि त्या जागी चंद्र येऊन बसला.

याचा सरळ निकाल लावणारे म्हणतात, भाषांतर करणाऱ्याला अरबी नीट कळलं नाही. मला हे पटत नाही. यादीतला खल्लासर पाहा: अरबीत ‘खाली अस्सैर’, ज्याच्या वाटेत कुणी नाही असा ग्रह. ताजिकवाल्यांनी अशा चंद्राला शब्द दिला शून्यमार्ग. यापेक्षा नेमकं भाषांतर करून दाखवावं कुणीही. ज्याला हे साधलं त्याला कबूल म्हणजे काय हे कळलं नव्हतं असं मानणं अवघड आहे. शिवाय घराचा मुद्दा पूर्ण गेलेला नाहीच. कंबूलचे सोळा पोटभेद आहेत: चंद्र आणि दुसरा ग्रह, प्रत्येकाच्या चार पायऱ्या. स्वगृही किंवा उच्चीचा तो उत्तम. आपल्या हद्द्यात, द्रेष्काणात किंवा नवमांशात असलेला मध्यम. कुठलाच अधिकार नसलेला सम. नीचीचा किंवा शत्रूच्या घरचा अधम. चार गुणिले चार. उत्तमोत्तमापासून अधमाधमापर्यंतची ही उतरंड म्हणजे जुन्या यजमानपणाचाच हिशेब आहे. फक्त तो व्याख्येतून काढून प्रतवारीत ठेवला.

माझा तर्क असा: अरबी प्रश्नज्योतिषात चंद्र प्रत्येक प्रश्नाचा सहकारक असतो, मग प्रश्न कशाचाही असो. शिकवणाऱ्याने कबूल समजावताना चंद्राचंच उदाहरण घेतलं असणार, कारण ते सगळ्यात सोपं. ऐकणाऱ्याने उदाहरण आणि नियम एकत्र बांधून घेतले. गैरिकंबूलची गत हे पुन्हा दाखवते. मुळात गैर-कबूल म्हणजे साधा नकार, पाहुण्याला दार न उघडणं. ताजिकात तो जवळजवळ शुभ झाला: राशीच्या शेवटाला आलेला शून्यमार्गी चंद्र पुढच्या राशीत शिरतो, तिथे एखादा बलवान ग्रह त्याला भेटतो आणि अडलेलं काम उशिरा होतं. नकाराचा शब्द राहिला, नकार गेला.

याच कबूलची तिसरी शाखा लॅटिनमार्गे युरोपात गेली. लंडनच्या विल्यम लिलीने १६४७मध्ये इंग्रजीत लिहिलं तेव्हा घर आणि पाहुणा हा मूळ अर्थ त्याच्याकडे शाबूत होता. दोनच वर्षांनी, १६४९मध्ये, शाहशुजाच्या पदरी असलेल्या बलभद्राने राजमहालला ‘हायनरत्न’ हा ताजिकग्रंथ पुरा केला, त्यात चंद्राचा कंबूल आहे.

शिवकाळातली एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. ‘राज्यव्यवहारकोशा’ने दफ्तरातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ज्योतिषांच्या कंबूल, रद्द आणि हद्दा यांना कुणी हात लावला नाही. ते तोवर श्लोकात जाऊन चारशे वर्षं झाली होती आणि कुणाला परके वाटतच नव्हते.

राहता राहिला नक्त. दोन ग्रहांची एकमेकांवर दृष्टी नसताना तिसरा जलद ग्रह एकाचं तेज दुसऱ्याला नेऊन देतो, तो नक्त. अरबीत ‘नक्ल’, वाहून नेणं. आपली नक्कल तिचीच. ल-चा त कानाने होत नाही, तो डोळ्याने होतो. क्ल आणि क्त ही जोडाक्षरं जुन्या नागरीत घाईने लिहिली की सहज एकमेकांत मिसळतात, आणि नक्त हा रात्र या अर्थाचा ओळखीचा संस्कृत शब्द लेखनिकाच्या हाताशी होताच. तेव्हा समरसिंहाने ‘नक्ल’च लिहिलं होतं आणि पुढच्या कुणी नकलाकाराने त्याचा नक्त केला, हे माझं मत आहे. जुन्यांतली जुनी ताजिकपोथी उघडून ते एक जोडाक्षर पाहावं, एवढीच ही परीक्षा आहे.