ज्युनिअर मुलांची शर्यत आणि उन्हाचा हिशेब

मागच्या मे महिन्यात कळमनुरी तालुक्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा वडिलांसोबत दवाखान्यात आला. पोलीस भरतीची तयारी चालू होती. आदल्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात पळताना चक्कर येऊन पडला, आणि आता लघवी काळ्या चहासारखी होत होती. "डॉक्टरसाहेब, शेतकऱ्याचं पोरगं आहे, ऊन त्याला नवं नाही," वडील म्हणाले. रक्त तपासलं तर स्नायूंना इजा झालेली, मूत्रपिंडांवर ताण आलेला. ॲडमिट करून सलाईन चालू केलं.

पलंगावर पडल्या पडल्या तो म्हणाला, "सर, फक्त 1600 मीटर तर असतं." तेव्हा त्याला मी पॅरिसची गोष्ट सांगितली.

क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळ, चिखल, चढ-उतार यांवरून पळण्याची शर्यत. एके काळी ती ऑलिंपिकमध्येही होती. 12 जुलै 1924 ला पॅरिसमध्ये ती झाली तेव्हा पारा चाळीस अंशांच्या वर होता. 38 धावपटू सुटले, शेवटपर्यंत पोहोचले 15. कुणी वाटेत कोसळले, कुणी भान हरपून झोकांड्या खात स्टेडियममध्ये आले. जिंकला फिनलंडचा पावो नुर्मी, आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्या शर्यतीत पळाला! पण सगळे नुर्मी नसतात. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत त्यानंतर पुन्हा झाली नाही.

क्रॉस कंट्रीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा मात्र चालू राहिली. 1903 मध्ये स्कॉटलंडमध्ये ती सुरू झाली तेव्हा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड असे चारच संघ होते. 1973 मध्ये बेल्जियममधल्या वारेगेमपासून तिला जागतिक स्पर्धेचं रूप आलं, आणि त्या पहिल्याच वर्षी वीस वर्षांखालच्या मुलांची वेगळी शर्यत होती. मोठ्यांपेक्षा अंतर कमी. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धेतही तसंच आहे: वीस वर्षांखालची मुलं 8 किलोमीटर पळतात, अठराखालची 6.

2017 ची जागतिक स्पर्धा युगांडात कंपालाला झाली. दमट उकाडा होता. ज्युनिअर मुलांची 8 किलोमीटरची शर्यत युगांडाच्याच सोळा वर्षांच्या जेकब किप्लिमोने जिंकली. त्याच दिवशी, त्याच मैदानावर मोठ्यांच्या 10 किलोमीटरच्या शर्यतीत युगांडाचाच जोशुआ चेप्टेगेई चांगला पुढे होता. शेवटच्या फेरीत त्याचे पाय जड झाले, अंग वाकलं, आणि घरच्या लोकांसमोर तो तिसावा आला. दोन वर्षांनी डेन्मार्कमध्ये हीच शर्यत त्याने जिंकली, म्हणजे ताकद कमी नव्हती. त्या दिवशी वेग आणि हवा यांचा मेळ बसला नाही.

आपल्या राज्यातही असा दिवस येऊन गेला आहे. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटरच्या धावेत उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. मग अंतर 3 किलोमीटरवर आणलं, आता ते 1600 मीटर आहे. निर्णय योग्यच होता, पण माझ्या मते तो अर्धाच उपाय आहे. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा साधारण पाऊण हिस्सा उष्णता बनतो. अंतर कमी झालं की मुलं वेग वाढवतात, आणि उष्णता वेगाबरोबर वाढते. शिवाय 1600 मीटर फक्त परीक्षेत. सरावात हीच मुलं रोज सात-आठ किलोमीटर पळतात, बरीचशी उपाशीपोटी.

उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. पंख्याखाली महिनाभर बसलं की ही कमाई बरीचशी जाते. या मुलाची चौकशी केली तेव्हा कळलं, आठ महिने तो नांदेडला अभ्यासिकेत होता, गावी येऊन चारच दिवस झाले होते. वर गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन पळायला गेला होता. अशा गोळ्या पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडाला फार महागात पडतात.

एक गैरसमज घात करतो. उष्माघातात अंग कोरडं पडतं असं आपण ऐकलेलं असतं. पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. खरी खूण म्हणजे पोरगं असंबद्ध बोलतं, झोकांड्या खातं, चिडतं. तेव्हा 108 ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, विहिरीचं, टाकीचं, मिळेल ते गार पाणी सतत ओता, वारा घाला. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

"पण सर, भरतीचं वय निघून जाईल," मुलगा म्हणाला. मग त्याला आपल्या मराठवाड्याच्या अविनाश साबळेचं सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा जवान 2015 मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्रीत उतरला तेव्हा त्याचं ज्युनिअरचं वय उलटून गेलं होतं. 2023 मध्ये हांगझोऊला त्याने आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट नॉर्मल आले. त्याला पहाटे साडेपाचला आधी नुसतं चालायला लावलं. वडील आता सायकलवर पाण्याचा कॅन घेऊन मागे असतात.